ट्रायला उत्तर कसं पाठवायचं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांसाठी टप्प्याटप्प्याने

दर थोड्या दिवसांनी आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पत्र फिरायला लागतं. मराठी चॅनल पॅकमधून काढले, केबलचे पैसे वाढवले, सगळ्यांनी सह्या करा, आणि मग ते पत्र पीएमओ, ट्राय (टेलिफोन, केबल, डीटीएचचे नियम करणारं केंद्राचं प्राधिकरण), डीसी ऑफिस, खासदार, आमदार सगळ्यांना एकाच दिवशी जातं. महिना जातो, दोन महिने जातात, कुठूनच काही येत नाही आणि लोक म्हणतात बघा, आपलं कोण ऐकतंय. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण माणसं घाम गाळतात, गल्लीगल्ली फिरतात, पण ट्राय ज्या महिन्यात ज्या विषयावर उघड विचारते की बाबांनो तुमचं म्हणणं सांगा, त्या महिन्यात आपल्या भागातून मंडळांची उत्तरं फारशी जातच नाहीत. जातात ती निवेदनं, तीही विचारलेलं नसताना. उत्तर आणि निवेदन यात फरक आहे आणि हा लेख फक्त उत्तराबद्दल आहे. वाचनालय, महिला मंडळ, युवक मंडळ, ग्राहक मंच, कुणीही हे करू शकतं, वकील लागत नाही.

टप्पा १: आधी दार बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे जरा थांबूया. टीव्ही, रेडिओ, मोबाइल या सगळ्याचं एकच ऑफिस नाही.

बिल जास्त आलं, न मागितलेला पॅक लावला, सेट टॉप बॉक्स बदलून देत नाही, ही तुमची स्वतःची तक्रार. ती आधी केबल किंवा डीटीएच कंपनीच्या कॉल सेंटरला द्यायची, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्यायचा, नाही सुटली तर त्यांच्या नोडल ऑफिसरकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्या कंपनीच्याच अधिकाऱ्याकडे जायचं. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यांनी हे वेबसाइटवर लिहूनच ठेवलंय. तरी लोक तिकडेच पाठवतात.

बातमीत खोटं दाखवलं, कार्यक्रमात आपल्या लोकांचा अपमान केला, तर तो कंटेंटचा विषय, ट्रायचा नाही. २०२१ च्या केबल नियमांप्रमाणे आधी त्या चॅनलला लिहायचं, त्यांनी १५ दिवसांत उत्तर द्यायचं, नाही पटलं तर पुढच्या १५ दिवसांत त्यांच्या स्वनियमन संस्थेकडे (चॅनलवाल्यांनी मिळून केलेली संस्था) आणि शेवटी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. इथे घाई करायची, कारण चॅनलला रेकॉर्डिंग ९० दिवसच ठेवायचं बंधन आहे. न्यूज चॅनल असेल तर सात दिवसांच्या आत लिहून मोकळं व्हा.

केबलवाला दूरदर्शनचे सक्तीचे चॅनल दाखवत नाही, विनापरवाना काहीतरी चालवतोय, तर १९९५ च्या केबल कायद्यात अधिकृत अधिकारी नेमलेत, म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत, पोलिस आयुक्त. आपल्या भाषेत डीसी ऑफिस आणि एसी ऑफिस.

आकाशवाणी, दूरदर्शनवर मराठी कमी आहे, सह्याद्री दिसायला पाहिजे, हा प्रसार भारतीचा विषय. १९९० च्या प्रसार भारती कायद्याच्या कलम १२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या प्रदेशांच्या भाषा आणि संस्कृतींना पुरेसं स्थान द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय. पत्रात त्याच कलमाचा उल्लेख करा, भावनेचे चार परिच्छेद नकोत.

जांबोटी-कणकुंबीकडच्या एखाद्या वाडीत रेंज नाही, तर आधी कंपनीकडे तक्रार, मग त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे, तिथे ३९ दिवसांत निकाल द्यायचा नियम आहे.

आणि दर कसे ठरावेत, पॅक कसे बनावेत, चॅनल यादीत कुठे असावा, कंपनीने सेवा कशी द्यावी हे जे सगळ्यांसाठी ठरतं ते ट्रायचं. २००४ पासून केबल आणि प्रसारण ट्रायकडे आहे. पुढचे सगळे टप्पे याच दारासाठी आहेत.

तपासा: तुमचं म्हणणं "माझ्या घरी असं झालं" असं सुरू होतंय की "असा नियम असल्यामुळे आमच्या भागात असं होतंय" असं? पहिलं असेल तर डॉकेट नंबर घ्या. दुसरं असेल तर पुढे वाचा.

टप्पा २: पेपर शोधा, पण मागून वाचा

ट्राय नियम करण्याआधी कन्सल्टेशन पेपर, म्हणजे विषय मांडून लोकांना प्रश्न विचारणारा कागद, काढते, वेबसाइटवर टाकते. ट्राय कायद्याच्या कलम ११(४) मध्ये कामात पारदर्शकता पाळायचं बंधन आहे त्यामुळे हे त्यांना करावंच लागतं. पेपर मोठा असतो, कधी शंभरच्या वर पानं, इंग्रजीत, आणि बघूनच लोक मिटवून ठेवतात. सगळा वाचू नका आधी. शेवटाकडे एक प्रकरण असतं ज्यात सगळे प्रश्न नंबर घालून एकत्र दिलेले असतात, ते पहिल्यांदा काढा, प्रिंट घ्या, पेन्सिलने खुणा करा. वीस प्रश्नांतले आपल्या कामाचे तीन किंवा चार असतील, बाकी कंपन्या-कंपन्यांच्या आपापसातले व्यवहार असतात. तीनच प्रश्नांना उत्तर दिलं तरी चालतं. हे लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं सगळे लिहायलाच पाहिजेत आणि मग एकही लिहून होत नाही.

मग ज्या प्रश्नाला खूण केली त्याच्या मागचं प्रकरण वाचा, तेवढंच.

दुसरी गोष्ट बघायची ती ही की पेपर शिफारशींसाठी आहे की नियमासाठी. दर, सेवेची गुणवत्ता, कंपन्यांमधले करार यावर ट्राय स्वतः नियम करते. लायसन्स, नवीन रेडिओ स्टेशन असल्या गोष्टींवर ती सरकारला शिफारस करते आणि ठरवतं सरकार. शिफारशीच्या पेपरवर उत्तर पाठवलं की तिथेच थांबायचं नसतं, शिफारस गेल्यावर मंत्रालयालाही तोच मुद्दा लिहायचा असतो.

मंत्रालय स्वतःसुद्धा मसुदे काढतं, प्रसारण सेवा नियमन विधेयकाचा मसुदा १० नोव्हेंबर २०२३ ला असाच लोकांसमोर ठेवला होता. २०१४ च्या केंद्राच्या धोरणाप्रमाणे कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. पद्धत तीच, खालचे टप्पे तिथेही चालतात.

सावधान: पेपरच्या पहिल्या पानांत दोन तारखा असतात, एक उत्तराची आणि एक प्रतिउत्तराची, म्हणजे दुसऱ्यांच्या उत्तरांवर आपलं म्हणणं पाठवायची. साधारण चार आठवडे आणि त्यापुढे दोन आठवडे. मुदत बऱ्याचदा वाढते, पण वाढेल म्हणून बसू नका. दोन्ही तारखा मंडळाच्या फळ्यावर लिहा.

टप्पा ३: चार आठवडे वाटून घ्या

पहिला आठवडा प्रश्न निवडायला आणि माणसं ठरवायला. दुसरा पूर्ण गल्लीत फिरायला. तिसरा लिहायला. चौथ्यात भाषांतर, वाचन, पाठवणं, आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी मेल गेलाच पाहिजे. शेवटच्या दिवशी लाइट जाते, नेट जातं, सेक्रेटरी लग्नाला जातो, हे सगळं होतं.

माणसं चार लागतात: एक वाचणारा, दोन फिरणारे, एक लिहिणारा. जास्त असली की बैठकाच होत बसतात.

टप्पा ४: गल्लीतली माहिती, हाच आपला माल

कंपन्यांकडे वकील आहेत, सल्लागार आहेत, देशभराचे आकडे आहेत. पण सीमेवरच्या गावात कर्नाटकातल्या पिनकोडवर कनेक्शन घेतल्यावर कंपनी कुठला पॅक पुढे करते, मराठी हवं असेल तर वेगळं किती भरावं लागतं, हे त्यांच्या उत्तरात तुम्हाला सापडणार नाही. ते तुमच्याकडे आहे, फक्त वहीत लिहिलेलं नाही.

वही घ्या, रकाने आखा. घर क्रमांक (नाव नको). केबल की डीटीएच की फ्री डिश. महिन्याला किती. पावती मिळते का. पॅकचं नाव. त्यात मराठी चॅनल किती, कन्नड किती, हिंदी किती. मराठी वेगळे घेतलेत का, त्याचे किती. घरात कोण काय बघतं. रिमोटवर मराठी चॅनल कुठल्या नंबरपासून सुरू होतात आणि सलग आहेत की विखुरलेत.

हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात, सोडू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एकाच प्रकारातले एकाच भाषेचे चॅनल यादीत एकत्र असले पाहिजेत असा ट्रायचा नियम आहे. तुमच्याकडे एक मराठी बातम्यांचा चॅनल एका टोकाला आणि दुसरा शंभर नंबर पुढे असेल तर टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो काढा, तारखेसकट. नियम पाळला जात नाही याचा तो पुरावा आहे.

विचारताना साधं विचारा. मी निपाणीकडे एका घरात गेलो तेव्हा काकूंना विचारलं, काकू, महिन्याला किती देता केबलला? त्या म्हणाल्या, "साडेतीनशे देतो की, पण त्यात काय काय येतं ते त्यालाच माहीत, कागद कुठे देतोय तो." नियमाप्रमाणे प्रत्येक पैशाची पावती द्यायची असते. त्यांचं वाक्य जसंच्या तसं वहीत घ्यायचं, त्यात तीन गोष्टी आल्या: रक्कम, पॅकची माहिती नाही, पावती नाही. "लोक नाराज आहेत" असं लिहिलं तर तिन्ही गेल्या.

किती घरं? मोजकीच पण नीट. समजा चाळीस घरं, पण तीन वेगळ्या ठिकाणची: एक शहरातली गल्ली, एक तालुक्याचं गाव, एक लांबची वाडी. एकाच गल्लीतली दोनशे घरं केली तर एकाच केबलवाल्याची गोष्ट कळते.

कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरीही जा. पावती न मिळणं, न मागितलेला पॅक, बदल करायला लागणारे दिवस हे त्यांनाही तसंच आहे. वहीत दोन्ही भाषांची घरं असली की उत्तराला वजन येतं, आणि गावात उगाच वेगळा अर्थही कुणी काढत नाही.

केबलवाल्याशी पण बोला. तो बहुतेक आपल्याच गल्लीतला असतो, वरच्या मोठ्या कंपनीकडून सिग्नल घेतो. दोघांत वेगळा करार झाला नसेल तर नेटवर्क फीचा (ग्राहक नुसत्या कनेक्शनसाठी भरतो ती) वाटा कंपनीला ५५ आणि त्याला ४५ टक्के असा ट्रायच्या नमुना करारात आहे. पॅक तो बनवत नाही, वरून येतो. त्यालाही सांगा की तूपण उत्तर पाठव, वेगळं. तो तुमच्या मंडळाचा सभासद असेल तर उत्तरात ते उघड लिहा, लपवलं आणि नंतर निघालं तर सगळ्यावर पाणी पडेल.

तपासा: वहीत एकही असा आकडा आहे का जो कुणी बघितला नाही, फक्त ऐकलाय? खोडा.

टप्पा ५: उत्तर लिहिणं

प्रश्न क्रमांक लिहा, प्रश्न पूर्ण उतरवा, खाली पहिल्या ओळीत सरळ मत, मग कारण, मग वहीतला पुरावा, मग नियमात नेमकं काय घालायचं ते वाक्य. प्रत्येक प्रश्नाला अर्धं पान ते एक पान बास.

हे इतकं ठासून सांगतोय कारण देशात याचा मोठा दाखला झालाय. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने डेटाच्या वेगवेगळ्या दरांवर पेपर काढला, त्यात चारच प्रश्न होते. फेसबुकने फ्री बेसिक्स या आपल्या ठरावीक वेबसाइट फुकट देणाऱ्या योजनेच्या बाजूने आपल्या वापरणाऱ्यांकडून लाखो एकसारखे मेल पाठवून घेतले. ट्रायने सांगितलं की यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला तो त्या मोहिमेच्या उलट बाजूने. लाखो मेल जिथे चालले नाहीत तिथे आपल्या पाचशे सह्या एकट्या काय करणार, सांगा.

आता एक उदाहरण घेऊ. नेटवर्क कपॅसिटी फी म्हणजे चॅनल बघण्याआधीच कनेक्शनसाठी जे भरतो ते. आधी त्यावर १३० रुपये आणि कर अशी मर्यादा होती, सुरुवातीला १०० चॅनलसाठी, २०२० च्या बदलानंतर २०० साठी. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढली, आता कंपनी स्वतः ठरवते, आणि प्रदेशाप्रमाणे किंवा ग्राहकांच्या गटाप्रमाणे वेगळी फी ठेवायला पण मुभा आहे. सीमेवरच्या माणसाने इथे कान टवकारले पाहिजेत, कारण प्रदेश म्हणजे काय हे कंपनी ठरवणार आणि आपण नेमके दोन प्रदेशांच्या कडेला आहोत.

समजा पुढच्या एखाद्या पेपरमध्ये प्रश्न आला की प्रदेशानुसार वेगळी फी ठेवताना काही अटी असाव्यात का. चुकीचं उत्तर असं असतं: "सीमाभागातील मराठी जनतेवर वर्षानुवर्षे अन्याय होत असून ट्रायने तातडीने मराठी वाहिन्या मोफत सुरू कराव्यात." यात प्रश्नाचं उत्तर नाही, पुरावा नाही, आणि मागणी अशी आहे जी ट्राय करूच शकत नाही, ट्राय चॅनल सुरू करत नाही.

बरोबर उत्तर साधारण असं: "होय, अटी असाव्यात. प्रदेश फक्त राज्याच्या हद्दीवर ठरवला तर सीमेलगतच्या तालुक्यांतल्या दुसऱ्या भाषेच्या ग्राहकाला स्वतःच्या भाषेचे चॅनल जादा पैसे देऊन वेगळे घ्यावे लागतात. आम्ही पाहणी केलेल्या इतक्या घरांपैकी इतक्या घरांत हे दिसलं, तक्ता जोडपत्र एकमध्ये. म्हणून नियमात असं घालावं की कनेक्शन देताना कंपनीने ग्राहकाला भाषा निवडायला द्यावी, आणि शेजारच्या राज्यात उपलब्ध असलेला पॅक सीमेलगतच्या जिल्ह्यांत त्याच दराने मागता यावा." इतक्याच्या जागी तुमच्या वहीतला खरा आकडा.

उत्तरातलं ते शेवटचं वाक्य बघा. वाचणारा अधिकारी ते उचलून मसुद्यात टाकू शकेल असं आहे. सगळा जोर तिथे लावा, बाकी भाषा साधी राहू दे.

आणि सीमाप्रश्न. तो आपल्या सगळ्यांच्या जिवाचा विषय आहे, मला पूर्ण कळतंय. पण तो ट्रायच्या उत्तरात एका ओळीनेही घालू नका. घातला की वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो कागद राजकीय निवेदनांच्या गठ्ठ्यात गेला, मग खालचे आकडे कोण बघणार. त्याला त्याची जागा आहे, इथे ग्राहक म्हणून बोला. पक्षाचं लेटरहेडही नको, मंडळाचं किंवा वाचनालयाचं घ्या, नोंदणी क्रमांक घाला.

टप्पा ६: भाषा आणि टायपिंग

राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क आहे. मराठीत लिहायचा हक्क आहेच. पण ट्रायचे पेपर इंग्रजीत असतात, प्रश्न इंग्रजीत, बाकी सगळी उत्तरं इंग्रजीत, आणि उत्तर वाचलं जावं हा आपला हेतू आहे. म्हणून माझं मत असं: आधी मराठीत लिहा, मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचा, सगळ्यांना पटलं की इंग्रजी करा. इंग्रजी मुख्य, मराठी मूळ प्रत जोडपत्र म्हणून. डीसी ऑफिसला काही द्यायचं असेल तर मराठीसोबत कन्नड प्रत द्या, काम लवकर हलतं.

भाषांतर मोबाइलमधून करून तसंच चिकटवू नका. कॉलेजातली मुलं-मुली आहेत, त्यांना बसवा, आणि नेटवर्क फी, बुके (चॅनलचा एकत्र गठ्ठा), अ ला कार्ट (सुटा एकेक चॅनल) असे शब्द पेपरमध्ये जसे आहेत तसेच ठेवा. एका ठिकाणी पॅक, दुसरीकडे बुके, तिसरीकडे पॅकेज असं केलं की अर्थ बदलतो.

डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेत असाल तर आधीच सांगा, युनिकोडमध्ये पाहिजे. आपल्याकडे अजून बरीच दुकानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत. प्रिंट सुंदर येते पण तीच फाइल दिल्लीत उघडली की नुसती चिन्हं. पीडीएफ करून दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा, एक शब्द सिलेक्ट करून कॉपी होतोय का बघा.

टप्पा ७: सह्या आणि पाठवणं

सह्या नकोत असं नाही. पण सह्यांच्या कागदावर नाव आणि गाव, बास. फोन नंबर नको, घराचा पत्ता नको, आधार तर अजिबात नको. ट्राय आलेली उत्तरं वेबसाइटवर टाकते. एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या (इंटरनेटवर सगळ्या वेबसाइटना सारखी वागणूक) पेपरवर दहा लाखांहून जास्त मेल आले होते आणि ते टाकताना पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्ते पण सगळ्यांसमोर उघडे झाले. गल्लीतल्या मावशींचा नंबर असा जगासमोर जायला नको. वहीत घर क्रमांक लिहायला सांगितलं ते याचसाठी, वही मंडळाकडे राहते, तक्ता तेवढा जातो.

मेल कुणाला पाठवायचा ते पेपरमध्येच दिलेलं असतं, त्या विषयाच्या सल्लागार अधिकाऱ्याचं पद आणि ईमेल. तिथेच पाठवा. दहा ठिकाणी सीसी करू नका. विषयाच्या ओळीत पेपरचं नाव आणि तारीख. मेलमध्ये चार ओळी: आम्ही कोण, कुठले, किती घरांची पाहणी, कुठल्या प्रश्नांना उत्तर. बाकी पीडीएफमध्ये.

तपासा, पाठवायच्या आधी: प्रश्न क्रमांक बरोबर? प्रत्येक उत्तरात "नियमात असं घालावं" हे वाक्य आहे? जोडपत्राचे क्रमांक जुळतात? फोन नंबर कुठे राहिला नाही ना? पाठवल्यावर पोच आली नाही तर दोन-तीन दिवसांत परत विचारा, आणि वेबसाइटवर उत्तरं लागली की आपलं आहे का ते बघा.

टप्पा ८: प्रतिउत्तर, जे सगळेच सोडतात

उत्तरं वेबसाइटवर लागली की कंपन्यांनी काय लिहिलंय ते सगळ्यांना दिसतं. प्रतिउत्तराचे दोन आठवडे त्यासाठीच असतात. सगळी वाचू नका, आपल्या भागात चालणाऱ्या दोन-तीन केबल आणि डीटीएच कंपन्यांची उघडा, आपण निवडलेल्या प्रश्नावर त्या काय म्हणतात बघा. कुणी लिहिलं असेल की ग्राहकाला आजही हवा तो चॅनल निवडता येतो, तर तुमच्या वहीत उलटं असलेली घरं आहेत, तेवढंच लिहून पाठवा. एक पान पुरतं, आणि कंपनीच्या दाव्यासमोर गावातला पुरावा ठेवला की त्याकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

नंतर ओपन हाऊस म्हणजे खुली चर्चा होते, तारीख वेबसाइटवर येते, ऑनलाइनही असते. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात असं धरून चाला. तयार वाक्यं कागदावर ठेवा, आपला एकच मुद्दा मांडा, भाषण नको. हिंदीत बोललं तरी चालतं, तोंडाला येईल त्या भाषेत बोला, अडखळत इंग्रजी बोलण्यात मुद्दा हरवतो.

टप्पा ९: नियम आल्यावर

नियमासोबत स्पष्टीकरणाचं टिपण असतं, त्यात कुणी काय म्हटलं आणि ट्रायने काय ठरवलं का ठरवलं ते लिहिलेलं असतं. तिथे आपला मुद्दा शोधा, नाव नसेल, मुद्दा असेल. नाकारला असेल तर कारण उतरवून घ्या, पुढच्या पेपरला त्या कारणालाच उत्तर द्यायचं. ट्रायने लोकांच्या म्हणण्याला नीट उत्तर देणं किती महत्त्वाचं आहे ते कॉल ड्रॉपच्या खटल्यात दिसलं. कॉल तुटला की ग्राहकाला एक रुपया द्यायचा हा नियम सुप्रीम कोर्टाने ११ मे २०१६ ला रद्द केला आणि त्यात पारदर्शकता पाळली नाही हाही मुद्दा होता. ग्राहकाच्या फायद्याचा नियम होता तो, तरी गेला. म्हणून नियम होताना कागद पक्का असणं आपल्याही हिताचं आहे.

काही माहिती बाहेर येत नसेल तर आरटीआय टाका, पण इथे आपल्याकडे एक चूक हमखास होते. आरटीआय कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे बेळगावात कन्नड. कलम ३५० इथे पुढे करून मराठीत टाकला की परत येऊ शकतो आणि महिना फुकट जातो. ट्राय किंवा मंत्रालयाला इंग्रजी-हिंदीत, फी १० रुपये, अर्ज ५०० शब्दांच्या आत. डीसी ऑफिसला कन्नड किंवा इंग्रजीत, आणि कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "का केलं नाही" असं विचारू नका, कागद मागा: अमुक तारखेच्या पत्रावरची टिपणी, अमुक बैठकीचा इतिवृत्तांत. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

नियम राजपत्रात कधी आला आणि लागू कधीपासून हे वेगळं असतं, तारीख नीट बघा. २०१७ चे केबलचे नवे दर प्रत्यक्ष ग्राहकापर्यंत यायला २०१९ चा फेब्रुवारी उजाडला होता. लागू झाल्यावर एक महिना जाऊ द्या आणि तीच वही घेऊन त्याच घरांत परत जा, तेच रकाने भरा. पॅक बदलला का, पावती येते का, चॅनल एकत्र आले का. जिथे काहीच बदललं नाही तिथे त्या घराच्या नावाने कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या, नोडल ऑफिसरपर्यंत न्या, आणि असे सगळे डॉकेट नंबर एका तक्त्यात घालून ट्रायच्या बेंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवा की नियम क्रमांक इतका, लागू झाल्याची तारीख ही, आणि या तालुक्यात तो पाळला जात नाही.